आधी कार्ड की आधी मॉनिटर? या प्रश्नाची जुनी गोष्ट

जळगाव-धुळ्याकडे कोणी गेमिंगसाठी पीसी अपग्रेड करायला निघालं की पहिला प्रश्न हाच, भो ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ? मॉनिटरचा विचार शेवटी, उरलेल्या पैशात. ही सवय डब्बा मॉनिटरच्या काळातली आहे आणि त्या काळात ती बरोबरच होती. त्या डब्ब्याला, म्हणजे सीआरटीला, स्वतःचं ठरलेलं रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची म्हणजे पिक्सेलची संख्या) नसायचं, 640 बाय 480 द्या, 800 बाय 600 द्या, नाहीतर 1024 बाय 768, चित्र नीटच दिसायचं, गेम अडकायला लागला की एक पायरी खाली यायचं आणि उलट रिफ्रेश (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते) 85 हर्ट्झ किंवा त्याच्याही वर न्यायचा. मग सगळं लक्ष कार्डावरच जाणार ना. 1996 ला थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं, 1999 ला एनव्हिडियाने जीफोर्स 256 काढून त्याला जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) म्हणायला सुरुवात केली, 2006 ला एएमडीने एटीआय ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेतली. आपल्याकडे सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक न् व्हाइस सिटी चालायचे ते मात्र बहुतेक ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरच्याच ग्राफिक्सवर.

एलसीडी आला आणि गणितच पलटलं. पॅनलमध्ये पिक्सेल मोजून बसवलेले असतात, त्यापेक्षा कमी रिझोल्यूशन दिलं की चित्र फिसकटतं. म्हणजे कार्डाला किती काम करायचंय हे आता मॉनिटर ठरवायला लागला. 1080पी म्हणजे जवळपास 21 लाख पिक्सेल, 1440पी म्हणजे 37 लाख, 4के म्हणजे 83 लाख, आणि हे प्रत्येक फ्रेमला. शिवाय सुरुवातीचे एलसीडी 60 हर्ट्झवर अडकलेले, सीआरटीवर खेळलेल्या माणसाला ते सुस्तच वाटायचे. 2009 च्या सुमारास 120 हर्ट्झचे आले ते खरंतर चष्मा लावून थ्रीडी बघण्यासाठी, थ्रीडी मागे पडलं पण वेग लोकांना आवडला, पुढे 144 झालं. फ्रेम मधूनच फाटल्यासारखी दिसायची त्यावर 2013 ला एनव्हिडियाचं जी-सिंक आलं, मॉनिटरचा रिफ्रेश कार्डाच्या वेगाशी जुळवणारं, त्याचं मॉड्यूल मॉनिटरमध्येच बसवायचं म्हणून ते महाग, मग तेच काम करणारं एएमडीचं फ्रीसिंक स्वस्तात, आणि जानेवारी 2019 मध्ये एनव्हिडियाने आपल्या कार्डांवर फ्रीसिंकवाले मॉनिटरही चालू दिले. माझ्या मते साध्या बजेटवाल्यासाठी सगळ्यात मोठा बदल हाच, पण त्याची चर्चा फार कमी होते.

मधे एक वेगळाच घोळ झाला. 2016 च्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स 10 सिरीजपासून कार्डातून ॲनालॉग सिग्नल निघणंच बंद झालं, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत निव्वळ व्हीजीएवाले (तोच ॲनालॉग सिग्नल घेणारी जुनी केबल) एलसीडी होते, साधा कन्व्हर्टर पिन लावून काही दिसत नाही, डिजिटलचं ॲनालॉग करणारा ॲक्टिव्ह ॲडॉप्टरच लागतो.

खान्देशात अजून एक गोष्ट कायम हिशोबात राहिली, ती म्हणजे लाईट आणि ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 ला टेकतो, कॅबिनेटमध्ये जाणारी हवाच तापलेली, मग कार्ड गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतं. म्हणून 2014 चं 60 वॅटचं जीटीएक्स 750 टीआय आणि नंतरचं 75 वॅटचं 1050 टीआय एवढे योग्य वाटायचे. कार्ड बसवायच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधूनच 75 वॅट मिळतात, वेगळी पॉवर केबल नको, हलक्या एसएमपीएसवरही (पीसीला वीज देणारा डबा) निभायचं. 2021 ला मायनिंगने (कार्डं लावून इथेरियमसारखं डिजिटल चलन कमावणं) भाव एवढे चढले की लोकांनी जुनीच कार्डं ओढली, सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा वापरलेली कार्डं बाजारात आली.

आता अपस्केलिंगने परत थोडी मोकळीक दिलीये. 2018 ला एनव्हिडियाचं डीएलएसएस, 2021 ला एएमडीचं एफएसआर, यात कार्ड आत कमी रिझोल्यूशनवर काम करून चित्र मोठं करतं. 1440पीवर अपस्केलिंगचा क्वालिटी मोड लावला तर आतलं चित्र 960पीचं असतं आणि ते छान दिसतं, म्हणून मधल्या रेंजच्या कार्डालाही 27 इंची 1440पी झेपतो. 1080पीवर मात्र तेच 720पीवर येतं आणि धूसरपणा कळतो, तेव्हा 24 इंची 1080पीच ठेवायचा असेल तर नेटिव्हला, म्हणजे अपस्केलिंगशिवाय पूर्ण 1080पीला ओढेल असंच कार्ड बघा.