मेंदिनीची खुर्ची ‘मेम्फिस’ची नव्हे

फुगीर पाठीची, कोरीव लाकडाची, आणि अंगभर टिंबंच टिंबं रंगवलेली ती आरामखुर्ची तुम्ही पाहिली असेलच. खाली ओळ ठरलेली: ‘मेम्फिस शैलीतील प्रसिद्ध खुर्ची’. कधी त्यावर कडी म्हणून मेम्फिसच्या म्होरक्याचं नाव: ‘रचनाकार : एत्तोरे सॉट्सास’. सजावटीच्या मासिकांत तेच, इन्स्टाग्रामवर तेच, डिझाइन शिकणाऱ्या मुलांच्या प्रोजेक्टमध्येही तेच. खुर्ची १९७८ची आहे आणि तिचा कर्ता इटालियन डिझायनर अलेस्सांद्रो मेंदिनी. मेम्फिस हा सॉट्सासभोवती जमलेला डिझायनरांचा गट, त्याचं पहिलं प्रदर्शन इटलीतल्या मिलानमध्ये भरलं सप्टेंबर १९८१ला. म्हणजे आईच्या आधी लेक जन्मली, असं आपण बिनदिक्कत छापतो.

मेम्फिसची ओळख थोडक्यात. सनमायकावर वळवळणाऱ्या काळ्या अळ्यांसारखी नक्षी, तिरके फळ्यांचे कोन, आइस्क्रीमचे रंग. डिसेंबर १९८०मध्ये सॉट्सासच्या घरी तरुण मंडळी जमली, बॉब डिलनची रेकॉर्ड वाजत होती, तिच्यातून नाव मिळालं. हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. मेंदिनी ज्यात होता तो गट वेगळा: ‘स्टुडिओ अल्किमिया’. तोही मिलानचाच. १९७६ साली तो सुरू केला अलेस्सांद्रो ग्वेरिएरोने. दोघांचं पहिलं नाव एक, म्हणून संस्थापकपदही मेंदिनीला बहाल करायची गरज नाही.

सॉट्सास आणि मेंदिनी यांच्यातले बाकीचे फरक किरकोळ आहेत. सॉट्सास १९१७चा, जन्म इन्सब्रुकचा, शिक्षण तुरिनला. मेंदिनी १९३१चा, पक्का मिलानी. दोघेही आर्किटेक्ट. सॉट्सासने ऑलिवेत्ती या इटालियन कंपनीसाठी यंत्रं घडवली, त्यातला लाल ‘व्हॅलेंटाइन’ टाइपरायटर (१९६९, पेरी किंगसोबत) सर्वांच्या ओळखीचा. मेंदिनीची उमेदीची वर्षं गेली डिझाइनच्या मासिकांच्या संपादनात: आधी ‘काझाबेल्ला’, मग ‘मोदो’, मग ‘डोमुस’. ही बाब तेवढी लक्षात ठेवा. संपादकाचा हात कोऱ्या कागदापेक्षा दुसऱ्याच्या हस्तलिखितावर जास्त चालतो.

आता मुद्द्यावर येतो. त्या खुर्चीचं नाव ‘पोल्त्रोना दी प्रूस्त’, प्रूस्तची आरामखुर्ची. लेखक मार्सेल प्रूस्तला शोभेल असं काहीतरी करावं, हा मूळ विचार. मेंदिनीने त्यासाठी खुर्चीचा आकार काढलाच नाही. जुन्या बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या थाटाची नक्कल म्हणून बाजारात मिळणारी तयार खुर्ची उचलली. मग पॉल सिन्याक या टिंबांनी चित्रं रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्रातला हिरवळीचा तुकडा प्रोजेक्टरने तिच्यावर पाडला आणि हाताने रंगवून घेतला. कापड कुठे संपलं आणि लाकूड कुठे सुरू झालं, याची पर्वा न करता. आकार त्याचा नाही, चित्र त्याचं नाही. दोन उसन्या गोष्टी एकमेकींवर टाकल्या, एवढंच त्याचं. आणि नेमकं तेच त्याला म्हणायचं होतं: नवे आकार काढायचे दिवस सरले, आता जे आहे त्याच्यावर शेरे मारायचे. या उद्योगाला तो ‘रीडिझाइन’ म्हणे. मार्सेल ब्रॉयरच्या १९२५च्या पोलादी नळ्यांच्या खुर्चीलाही त्याने सोडलं नाही. तिच्या चामड्यावर रंगीत ठिगळांसारखे आकार चिकटवून दिले. १९८०च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तर त्याने सोबत्यांसह कारखान्यात निघणाऱ्या अगदी सामान्य वस्तूच मांडल्या, वर थोडी सजावट चढवून.

सॉट्सासला हे मान्य होणं शक्यच नव्हतं. त्याला वस्तूची नवी भाषा हवी होती. १९८१चं त्याचं ‘कार्लटन’ घ्या. पुस्तकांचं कपाट म्हणावं तर निम्म्या फळ्या तिरक्या, पुस्तकं कलंडणार. वरच्या टोकाला हात पसरून उभा माणूस असावा तसा आकार. असं कपाट त्याआधी कुणाच्याही घरात नव्हतं. सॉट्सास १९६१मध्ये भारतात फिरून गेला होता, आणि १९६४च्या त्याच्या सिरॅमिक थाळ्यांच्या मालिकेचं नाव आहे ‘शिवाला अर्पण’. वस्तूसमोर क्षणभर थांबावं, ही त्याची इच्छा. मेंदिनी वस्तूला डोळा मारतो.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. मनातल्या मनात रंग खरवडून काढा. कार्लटन पांढरंफटक केलं तरी ते कार्लटनच राहतं. प्रूस्त खुर्ची पांढरी केली की उरते कुणाच्याही आजीच्या दिवाणखान्यातली खुर्ची. ही कसोटी प्रत्यक्षातही झाली आहे: २०११ला मागिस कंपनीने त्या खुर्चीची प्लास्टिकची आवृत्ती काढली, एकरंगीसुद्धा. मेंदिनीच्या संमतीने निघाली असली तरी मला ती बघवत नाही. टिंबं गेली, मग उरलं काय?

तीच कसोटी अलेस्सी कंपनीसाठी मेंदिनीने केलेल्या ‘ॲना जी.’ला लावा, तो १९९४चा हसऱ्या बाईच्या आकाराचा, बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. दोन्ही बाजूंना दांड्या असलेला बूचस्क्रू युरोपात कधीचाच घरोघरी होता. मेंदिनीने त्याला चेहरा आणि झगा दिला, दांड्यांचे हात झाले. पुन्हा रीडिझाइनच. यालाही लोक मेम्फिस म्हणतात, तेव्हा मात्र हात टेकतो. मेम्फिसचा खेळ त्याआधी काही वर्षं आटोपला होता, आणि सॉट्सास स्वतः १९८५लाच बाहेर पडला होता.

गोंधळाला थोडं निमित्त आहे, हे कबूल. अल्किमियाच्या ‘बाउ.हाउस’ नावाच्या पहिल्या संग्रहात सॉट्सासच्याही वस्तू होत्या. मिकेले दे लुक्की हा डिझायनर दोन्हीकडे होता. आणि मेम्फिसच्या १९८१च्या पहिल्या संग्रहात मेंदिनीचंही एक कपाट आहे, ‘चिप्रियानी’ नावाचं, मद्याच्या बाटल्यांसाठी. तेवढ्या एका कपाटाखाली ‘मेंदिनी, मेम्फिस’ खुशाल लिहा.

जाता जाता नेदरलँड्सचं ग्रोनिंगर संग्रहालय, १९९४. त्याच्या इमारतीचं श्रेय कधी एकट्या मेंदिनीला जातं, कधी फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कला. एकूण आराखडा आणि मधला सोनेरी मनोरा मेंदिनीचा. त्याने बाकीचे भाग मुद्दाम दुसऱ्यांना वाटून दिले: स्टार्कला, दे लुक्कीला, ऑस्ट्रियाच्या कूप हिमेलब्लाऊ या आर्किटेक्ट मंडळींना. त्या मनोऱ्यात प्रदर्शनाची दालनं नाहीत. सगळ्यात झगमगीत भागात त्याने गोदाम ठेवलं आहे.