हिरो कृष्णविवरात पडला की वर्महोलमध्ये?

पडद्यावर अवकाशात काहीतरी गोल, गरगरणारं, आजूबाजूचा प्रकाश वाकवणारं दिसलं की थिएटरात कुणीतरी शेजारच्याच्या कानात सांगतंच, ‘ब्लॅक होल आहे ते.’ बऱ्याचदा ते ब्लॅक होल नसतं. यान त्यात शिरतं, पलीकडच्या दीर्घिकेत बाहेर पडतं, हिरोच्या केसांचा भांगही मोडलेला नसतो, आणि तरी पार्किंगपर्यंत पोचेस्तोवर सगळे ‘ब्लॅक होलमधून गेला’ असंच म्हणत असतात. या गोंधळाची मला खरोखर हळहळ वाटते. कृष्णविवर आणि वर्महोल सिनेमाला दोन अगदी वेगळ्या गोष्टी पुरवतात, आणि समोर कोणतं आहे हे कळलं की पुढचा प्रसंग दुप्पट रंगतो.

ओळखायची सोपी खूण सांगतो. पलीकडून बाहेर यायचं असेल तर ते वर्महोल. कृष्णविवराला ‘पलीकडे’ नसतंच.

कृष्णविवर म्हणजे एक ठिकाण. भरपूर वस्तुमान इतक्या कमी जागेत दाबलं गेलेलं की एका हद्दीच्या आतून प्रकाशही सुटू शकत नाही. त्या हद्दीला घटना क्षितिज म्हणतात. सूर्याचं कृष्णविवर करायचं तर तो साधारण ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबावा लागेल. पृथ्वीचं करायचं तर सगळे समुद्र, सगळा सह्याद्री आणि सगळी मल्टिप्लेक्सं धरून ९ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीत. आत गेलेल्याला बाहेरचा रस्ता नाही, कारण क्षितिजाच्या आत ‘पुढे’ या शब्दाचा अर्थच ‘केंद्राकडे’ असा होतो. इंजिन कितीही दणकट असो, उद्याला टाळून कुणी पुढे जाऊ शकत नाही, तसंच आत केंद्र टाळता येत नाही.

सिनेमांनी कृष्णविवराबद्दल सर्वांत जास्त पसरवलेला गैरसमज म्हणजे ते सगळं ओढून घेतं हा. ग्रह, यानं, खलनायक, सगळं सुसाट आत! प्रत्यक्षात आत्ता या क्षणी सूर्याच्या जागी त्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वी त्याच कक्षेत, त्याच वेगाने फिरत राहील. अंधार होईल, आपण गारठून जाऊ, पण वर्ष ३६५ दिवसांचंच राहील. लांबून पाहिलं तर कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण तितक्याच वजनाच्या ताऱ्यासारखंच असतं. धोका जवळ गेल्यावर. त्यातही मजा अशी की लहान कृष्णविवर जास्त घातक. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या कृष्णविवराजवळ पायांवरचा ओढा डोक्यावरच्या ओढ्यापेक्षा इतका जास्त असतो की क्षितिज गाठायच्या आधीच माणसाचा ताणून धागा होईल. कोट्यवधी सूर्यांइतकं महाकाय असेल तर क्षितिज ओलांडताना विशेष काही जाणवणारही नाही. त्यामुळे एखाद्या सिनेमात नायक महाकाय कृष्णविवरात शिरताना शाबूत दिसला, तर लगेच दिग्दर्शकावर चिडू नका. तेवढं विज्ञानाला धरून आहे.

वर्महोल हे ठिकाण नव्हे, ती वाट आहे. दोन तोंडं असलेली. कशेडीचा घाट वळणं घेत पार करण्याऐवजी बोगद्यातून पलीकडे निघावं, तसा अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा आखूड मार्ग. १९३५ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझन यांनी सापेक्षतेच्या समीकरणांत असा ‘पूल’ मांडला. वर्महोल हे नाव भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी १९५७ मध्ये दिलं. आणि १९६२ मध्ये याच व्हीलर यांनी रॉबर्ट फुलर यांच्याबरोबर दाखवून दिलं की असा पूल इतक्या झटकन मिटतो की त्यातून प्रकाशाचा किरणसुद्धा पार होऊ शकत नाही. म्हणजे नाव ठेवणाऱ्यानेच पाच वर्षांत दाराला कडी घातली.

ती कडी उघडायची खटपट सुरू झाली ती एका कथेमुळे, आणि ही हकिगत प्रत्येक सिनेमावेड्याने पाठ करावी अशी आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन ‘कॉन्टॅक्ट’ ही कादंबरी लिहीत होते. त्यांची नायिका अभिजित ताऱ्याजवळ पोचायला हवी होती, म्हणजे सुमारे २५ प्रकाशवर्षांचा पल्ला, आणि त्यांनी तिला कृष्णविवरातून पाठवलं होतं. विज्ञान तपासून घ्यावं म्हणून त्यांनी ते मित्राला, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं. थॉर्न यांचं म्हणणं होतं की कृष्णविवरातून ती जिवंत पोचणार नाही, तिला वर्महोल द्या. मग थॉर्न स्वतःच त्या प्रश्नाने झपाटले. वर्महोल उघडं ठेवायला काय लागेल? उत्तर निघालं, ऋण ऊर्जा असलेला पदार्थ, जो गुरुत्वाकर्षणाने ओढण्याऐवजी ढकलेल आणि बोगद्याच्या भिंती अलग धरून ठेवेल. त्यांचा आणि मायकेल मॉरिस यांचा यावरचा शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पार करता येण्याजोग्या वर्महोलचा अभ्यास तिथून बहरला. कथेतल्या एका बाईला सुखरूप पोचवण्यासाठी! मला सायन्स फिक्शन आवडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

कादंबरीवरचा रॉबर्ट झेमेकिस यांचा चित्रपट १९९७ मध्ये आला. त्यात जोडी फॉस्टरने साकारलेली नायिका एली एका गोळ्यात बसून यंत्रातून खाली पडते. बाहेरच्यांना वाटतं, काहीच घडलं नाही, गोळा सरळ खालच्या जाळ्यात पडला. तिच्या मते ती बराच वेळ दूरच्या जगात होती, आणि तिच्या कॅमेऱ्यात १८ तासांची खरखर नोंदली गेलेली असते. हे वेळेचं गणित नीट लक्षात ठेवा. आत अठरा तास, बाहेर क्षणभर. कृष्णविवराजवळ याच्या बरोबर उलट होतं. तिथे तुमचा क्षण जातो आणि बाहेरच्यांची वर्षं निघून जातात.

दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात पाहायच्या तर क्रिस्टोफर नोलन यांचा ‘इंटरस्टेलर’ (२०१४). हा सिनेमा या विषयाचं पाठ्यपुस्तक आहे असं मी छातीठोकपणे म्हणतो, आणि त्यामागेही तेच किप थॉर्न आहेत. शनीजवळ वर्महोल येतं तेव्हा यान चालवणाऱ्या नायकाला, कूपरला, आश्चर्य वाटतं की हे गोल गोळ्यासारखं कसं. त्याची समजूत काढायला यानातला सहकारी रॉमिली कागद दुमडतो आणि त्यातून पेन आरपार घालतो. कागदावर भोक वर्तुळ दिसतं, मग तीन मितींत ते भोक काय दिसेल? गोळा! इतकी साधी गोष्ट, पण त्याआधीच्या कितीतरी सिनेमांनी वर्महोल म्हणजे पाण्यातला भोवरा असंच रंगवलं होतं. त्या गोळ्याच्या आत पाहिलं तर काळोख नाही. तिथे दुसऱ्या दीर्घिकेतले तारे दिसतात, कारण पलीकडचा प्रकाश त्यातून इकडे येतो. आणि पार करताना वयाचा हिशेब बिघडत नाही. रस्ता आखूड, बाकी काही नाही.

मग येतं गार्गांटुआ. दहा कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं, प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरणारं कृष्णविवर. मधोमध संपूर्ण काळोख, भोवती तेजस्वी वायूची चकती, आणि त्या चकतीचा मागचा भाग वर आणि खाली वाकून दिसतो, कारण मागून येणारा प्रकाशही गुरुत्वाकर्षणाने वळतो. त्याच्या जवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. मंडळी थोडाच वेळ तिथे घालवून यानात परततात आणि वाट पाहत थांबलेला रॉमिली सांगतो, २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस. नंतर कूपर बसून मुलांचे साठलेले निरोप बघतो, तेव्हा कृष्णविवर काय चीज आहे हे कोणत्याही व्याख्यानाशिवाय पोटात कळतं. वर्महोल अंतर वाचवतं, कृष्णविवर वेळ घेऊन जातं. म्हणून शनीजवळ पडद्यावर उत्सुकता असते आणि गार्गांटुआजवळ भीती. संगीत बंद केलं तरी हा फरक कळेल.

थॉर्न यांनी त्या दृश्यांसाठी समीकरणं दिली आणि व्हिज्युअल इफेक्ट्सच्या चमूने ती संगणकावर सोडवली. त्यातून खरे शोधनिबंधही निघाले. पण इथेही एक तडजोड आहे, आणि ती फार गोड आहे. चकतीचा जो भाग आपल्याकडे येतो तो जास्त उजळ दिसायला हवा आणि दूर जाणारा मंद. प्रेक्षक गोंधळतील म्हणून पडद्यावर तो फरक काढून टाकला. शिवाय तासाला सात वर्षं जायची तर कृष्णविवर कमाल मर्यादेला जवळजवळ टेकलेल्या वेगाने फिरायला हवं, पण तसं दाखवलं तर त्याची काळी आकृती एका बाजूने चपटी दिसते. म्हणून चित्रासाठी वेग कमी धरला. म्हणजे कथेतलं गार्गांटुआ आणि चित्रातलं गार्गांटुआ वेगवेगळ्या वेगाने फिरतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं खरं चित्र आलं, तेव्हा कडं एका बाजूला स्पष्टपणे जास्त उजळ होतं. नोलन यांनी काढलेला फरक निसर्गाने जसाच्या तसा ठेवला होता.

आता घोटाळे. १९७९ च्या डिस्नेच्या ‘द ब्लॅक होल’मध्ये कृष्णविवर भोवऱ्यासारखं गरगरतं आणि मंडळी त्यातून आरपार जाऊन एका नव्या ग्रहासमोर उगवतात. म्हणजे नाव कृष्णविवराचं, काम वर्महोलचं. ‘इव्हेंट होरायझन’ (१९९७) मध्ये नाव तर थेट घटना क्षितिजाचं, यानाचं यंत्र कृत्रिम कृष्णविवर तयार करतं, आणि ते समजावताना शास्त्रज्ञ कागद दुमडून भोक पाडतो! कागद दुमडला की ते वर्महोल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि २००९ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये लाल पदार्थाच्या थेंबातून झालेलं कृष्णविवर व्हल्कन हा अख्खा ग्रह गिळून टाकतं, आणि त्याच पदार्थातून झालेलं दुसरं यानांना सहीसलामत भूतकाळात पोचवतं. एकाच सिनेमात, एकाच पदार्थाचं. तो सिनेमा मला अतिशय आवडतो, तरीही ग्रहाला मरण आणि यानाला सवलत का, हे कुणीतरी व्हल्कनच्या रहिवाशांना सांगायला हवं होतं.

खुद्द ‘इंटरस्टेलर’चा शेवटही या गोंधळातून सुटलेला नाही. कूपर गार्गांटुआत पडतो आणि अखेरीस शनीजवळ तरंगताना सापडतो. मध्ये भविष्यातल्या माणसांनी बांधलेली पाच मितींची खोली आहे, त्यामुळे कथेपुरता खुलासा मिळतो. पण दोन तास ज्या सिनेमाने फरक इतक्या मायेने समजावला, त्याने शेवटच्या अर्ध्या तासात कृष्णविवराला मागचं दार काढून दिलं, हे मला खटकतं. कूपर परत आला नसता तर तो सिनेमा अधिक खरा झाला असता, असं माझं ठाम मत आहे.

मराठीत हे कृष्णविवर फार आधी पोचलं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव होतं, कथा जयंत विष्णु नारळीकरांची. तेव्हा कृष्णविवरं खरोखर आहेत का यावरही वाद सुरू होता. आज तो संपला आहे. बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं की कृष्णविवराला धक्का बसला तर ते विशिष्ट सुरांत कंप पावून शांत होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी पकडल्या, आणि त्यांच्या शेवटी तसाच विरत जाणारा कंप होता. अशीच एक वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. पडद्यावरच्या गार्गांटुआचे खरे भाऊबंद मराठवाड्यातून ऐकता येतील, या विचाराने मला अजून शहारा येतो.

वर्महोलच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. ना चित्र, ना लहर. ऋण ऊर्जा प्रयोगशाळेत अगदी नाममात्र, अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमधल्या परिणामात जाणवते, पण यान जाईल एवढा बोगदा धरून ठेवायला ती कुठून आणणार हे कुणाला माहीत नाही. तरी शोध थांबलेला नाही. २०१९ मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात वर्महोलचं तोंड असेल, तर पलीकडच्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण इकडे झिरपेल आणि केंद्राभोवती फिरणारा एस२ हा तारा किंचित डळमळेल. एस२ ची एक फेरी सुमारे १६ वर्षांची. २०१८ मध्ये तो केंद्राच्या अगदी जवळून गेला तेव्हा त्याची चाल ४० लाख सूर्यांच्या साध्या कृष्णविवराशी नीट जुळली. पुन्हा तो इतक्या जवळ येईल २०३४ च्या सुमारास, आणि तोवर दुर्बिणी आणखी तीक्ष्ण झालेल्या असतील.