आमदार अपात्रतेची याचिका: कायदा पाठ असूनही कागदांवर का अडते

विधिमंडळ पक्षात, म्हणजे पक्षाच्या आमदारांच्या गटात, फूट पडली की दुसऱ्याच दिवशी अपात्रतेच्या याचिकांची घाई सुरू होते. दहावी अनुसूची, म्हणजे राज्यघटनेतला पक्षांतरबंदीचा कायदा, बहुतेकांना पाठ असते. घात होतो तो जोडलेल्या किंवा न जोडलेल्या कागदांमुळे.

महाराष्ट्र विधानसभेसाठी 1986 चे पक्षांतरविषयक अपात्रता नियम लागू आहेत आणि याचिका अध्यक्षांच्या नावे करायची असते. परिषदेच्या सदस्याबाबत ती सभापतींकडे जाते. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी कायदाच वेगळा आहे, त्यांच्या तक्रारी विधान भवनात नेऊ नका. नियमांच्या शब्दांप्रमाणे याचिका सभागृहाच्या सदस्यानेच करायची. मात्र ओडिशाच्या उत्कल केशरी परिदा प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सदस्य नसलेल्या हितसंबंधी व्यक्तीलाही ही वाट मोकळी केली. ‘तुम्ही आमदार नाही’ म्हणून कोणी परत पाठवू नये यासाठी या निकालाचा उल्लेख याचिकेच्या पहिल्याच पानावर करा.

आधी कारण नक्की करा. दहाव्या अनुसूचीचा परिच्छेद 2(1)(अ) म्हणजे स्वेच्छेने पक्ष सोडणे आणि 2(1)(ब) म्हणजे सभागृहात व्हीपविरुद्ध (पक्षाच्या मतदान-आदेशाविरुद्ध) मतदान करणे किंवा मतदानाला गैरहजर राहणे. पक्षाच्या बैठकीला न येणे ‘ब’ मध्ये बसत नाही, तरी दर वेळी तेच लिहिले जाते. ती बाब ‘अ’ खाली, वर्तनाचा पुरावा म्हणून मांडावी. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात 1994 साली न्यायालयाने स्पष्ट केले की पक्ष सोडला हे ठरायला लेखी राजीनामाच लागतो असे नाही, वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष निघतो.

मुदतीचा घोळ तर कायमचाच. ‘पंधरा दिवसांत याचिका केली नाही, आता संपले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते पंधरा दिवस पक्षाला आहेत, व्हीप मोडणाऱ्याला माफ करायचे की नाही हे ठरवण्यासाठी. त्याआधीच ‘ब’ खाली याचिका केली तर ती अवेळी ठरण्याचा धोका. माफी दिली की नाही, हे गटनेत्याने 30 दिवसांत नमुना 2 मध्ये अध्यक्षांना कळवायचे असते. त्याची प्रत मिळवून जोडा. याचिका दाखल करण्यासाठी दहाव्या अनुसूचीत कोणतीही कालमर्यादा नाही.

दोन तृतीयांश आमदार फुटले की अपात्रता टळते, हा तसाच गैरसमज. एक तृतीयांश फुटीला मिळणारे संरक्षण 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. आता दोन तृतीयांश हा आकडा फक्त विलीनीकरणाला लागू होतो. गोव्यात 2022 साली काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश होतात, म्हणून सात पुरले नसते. समोरचा गट विलीनीकरणाचा दावा करणार असेल तर त्या दिवशीचे एकूण सदस्य आणि गेलेले सदस्य यांचा हिशेब तारखेसह मांडा.

आता सर्वांत जास्त नडणारा कागद: पक्षाची घटना. पक्ष कार्यालयातल्या कपाटातली छापील पुस्तिका चालेल असे समजू नका. शिवसेनेच्या 34 याचिकांवर 10 जानेवारी 2024 रोजी निर्णय देताना अध्यक्षांनी 2018 ची घटना बाजूला ठेवली, कारण ती निवडणूक आयोगाच्या नोंदीत नव्हती, आणि 1999 ची ग्राह्य धरली. मूळ पक्ष कोणाचा हे ठरवताना या घटनेचाही आधार घेतला गेला. म्हणून आयोगाकडून प्रमाणित प्रत आधीच मागवा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ(9) प्रमाणे पदाधिकारी किंवा अन्य महत्त्वाची बाब बदलली की पक्षाने आयोगाला विनाविलंब कळवायचे असते. पक्षांतर्गत निवडणूक झाली, ठराव झाला आणि कळवायचेच राहून गेले, तर तो बदल वादाच्या दिवशी तुमच्या कामी येत नाही. हे काम शांततेच्या काळात करायचे आहे.

व्हीपचेही तसेच. शिवसेनेतल्या फुटीवरच्या सुभाष देसाई प्रकरणात 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद (व्हीप काढणारा पक्षाचा आमदार) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाला आहे, विधिमंडळ पक्षाला नाही. तेव्हा प्रतोदाच्या नेमणुकीचे पत्र पक्षाचे हवे. व्हीपच्या मजकुरात ‘उल्लंघन केल्यास अपात्रता’ हे स्पष्ट लिहिलेले हवे. आणि तो हातात दिल्याची पोच हवी. त्याच 10 जानेवारीच्या निर्णयात ठाकरे गटाच्या आमदारांविरुद्धच्या याचिका, व्हीप रीतसर बजावल्याचे सिद्ध न झाल्याने फेटाळल्या गेल्या. नुसत्या व्हॉट्सअॅप संदेशावर विसंबू नका. सही घ्या, आणि आमदार सापडत नसेल तर निवासस्थानी साक्षीदारांसमोर लावून तारीख-वेळेचा पंचनामा करा.

पडताळणी, म्हणजे याचिकेतला मजकूर खरा असल्याचे सहीनिशी सांगणे, हा किरकोळ भाग वाटतो, पण त्यात चूक झाली तर नियम 7 खाली याचिका पहिल्याच टप्प्यावर फेटाळता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे लिहा: ‘परिच्छेद 1 ते 9 मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे; 10 ते 14 मधील मजकूर मिळालेल्या माहितीवर आधारित असून तो मी खरा मानतो.’ खाली सही, स्थळ, तारीख. सगळे परिच्छेद सरसकट ‘माझ्या माहितीप्रमाणे’ म्हणून मोकळे होऊ नका. प्रत्येक जोडपत्रावरही वेगळी सही आणि वेगळी पडताळणी लागते, अगदी वर्तमानपत्राच्या कात्रणावरसुद्धा. ऐकीव माहिती असेल तर ती देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सांगितलेल्याचा सारांश द्या. व्हिडिओ जोडत असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र सोबत असू द्या.

पुढचे नेहमीचे: प्रत संबंधित आमदाराला जाते आणि त्याला सात दिवसांत म्हणणे मांडायचे असते, सबळ कारण असल्यास मुदत वाढते. मग सुनावणी, मग लेखी आदेश. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट.

आमदाराला सात दिवस आणि अध्यक्षांना मात्र नियमांत मुदतच नाही, ही या प्रक्रियेतली सर्वांत अन्यायाची जागा आहे. शिवसेनेच्या जून 2022 मध्ये केलेल्या याचिकांचा निकाल दीड वर्षाने लागला, तोवर ज्यांच्या पात्रतेवर प्रश्न होता तेच सभागृहात मतदान करत राहिले. हाताशी आधार आहे तो मणिपूरच्या केशम मेघचंद्र प्रकरणाचा. अपवादात्मक परिस्थिती नसेल तर याचिका दाखल झाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि तेलंगणाच्या दहा आमदारांबाबत 31 जुलै 2025 रोजी अध्यक्षांना तीन महिन्यांचीच मुदत घालून दिली. मेघचंद्र निकालातले तीन महिने दाखल तारखेपासून मोजले जातात. म्हणून विधानमंडळ सचिवालयात याचिका देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.