जुन्या पत्रांचे रसायन

मराठी घरांत पूर्वी आलेली पत्रे वाचून झाली की भिंतीवर टांगलेल्या तारेच्या आकड्याला टोचून ठेवली जात. ती पोस्टकार्डे आज हाती घेतली तर मधल्या भोकाभोवती तांबूस कडे दिसते आणि तेवढा भाग बोटाने जरा दाबताच भुगा होऊन गळतो. तारेच्या गंजातून कागदात उतरलेले लोहाचे आयन सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाच्या धाग्यांतील मुख्य द्रव्याच्या, ऑक्सिडीकरणाला वेग देतात, म्हणून त्या जागी कार्ड उरलेल्या भागापेक्षा लवकर म्हातारे होते. पत्रव्यवहार मोबाइलवर गेल्यापासून हस्तलिखित पत्रांविषयीची हुरहुर आपण बहुधा भावनेच्या भाषेत व्यक्त करतो. तिच्यामागे पदार्थविज्ञान आणि मेंदूविज्ञान दोन्ही आहेत आणि ते समजून घेतल्याने ती हुरहुर उणावत नाही, असे मला मनापासून वाटते.

भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी सुरू झाले आणि आंतर्देशीय पत्र 1950 मध्ये आले. विसाव्या शतकातील स्वस्त कागदात लाकडाचा लगदा मोठ्या प्रमाणावर वापरला जाई. लाकडातील धागे एकत्र बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य प्रकाश आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे बदलते, त्यातून रंगीत संयुगे तयार होतात आणि कागद पिवळा पडतो. शाई फुटू नये म्हणून कागदावर राळ आणि तुरटीवर्गातील ॲल्युमिनियम सल्फेट यांची प्रक्रिया केलेली असे. या सल्फेटमुळे कागद आम्लधर्मी होतो, आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते आणि घडीवर ताण अधिक असल्याने आंतर्देशीय पत्र प्रथम तिथेच फाटते. चिंध्या आणि वनस्पतींच्या धाग्यांपासून हाताने बनवलेल्या कागदावर बोरूने, काजळीच्या शाईने लिहिलेली पेशवेकालीन मोडी पत्रे मात्र कसर आणि ओल यांपासून वाचली असतील तर आजही काळीभोर दिसतात, कारण काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन आणि तो प्रकाशाने विटत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र आजोबांच्या पत्रापेक्षा अधिक धडधाकट असू शकते, ते यामुळेच.

शाईची गोष्ट याहून रंजक आहे. पारंपरिक निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार आणि टॅनिनवर्गातील आम्ल असे. लिहिताना दिसणारा निळा रंग वेगळ्या रंजकद्रव्याचा असतो. लोहसंयुग हवेत ऑक्सिडीकृत होत गेले की अक्षर काळे पडते, म्हणजे पत्र टपालपेटीत पडल्यावरही त्याचे लेखन एका अर्थाने चालूच असते. धुऊन निघणारी साधी निळी शाई आणि अनेक बॉलपेनांची शाई उजेडात फिकी होते. तरीही बॉलपेनने जोर देऊन लिहिलेल्या अक्षरांच्या चरा कागदात राहतात आणि अंधाऱ्या खोलीत बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर असा प्रकाश टाकला तर पुसट झालेला ‘ती. बाबांस साष्टांग नमस्कार’ पुन्हा वाचता येतो. लोहयुक्त शाई विटलेली असेल तर अतिनील प्रकाशात ती उठून दिसते, कारण कागद मंद चमकतो आणि शाई तो प्रकाश शोषून घेते.

ट्रंक उघडताच येणारा वास हा याच ऱ्हासाचा वास आहे. मतिया स्ट्रलिच हे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जुन्या कागदातून बाहेर पडणाऱ्या बाष्पशील, म्हणजे सहज हवेत उडणाऱ्या, संयुगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या संयुगांवरून कागदाची अवस्था त्याला धक्का न लावता ओळखता येते. ॲसिटिक आम्ल आणि फरफ्युरल ही त्यांपैकी ठळक उदाहरणे. लिग्निनपासून व्हॅनिलासारख्या गंधाचे व्हॅनिलिनही तयार होते. इतर संवेदना आधी थॅलॅमस या मेंदूतील वाटप-केंद्रात जातात, पण गंधाचे संदेश त्याला वळसा घालून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसजवळच्या भागांत पोहोचतात. मजकूर वाचण्याआधीच डोळे भरून येतात, त्याला शरीरशास्त्रीय आधार आहे तो असा.

गतकाळाच्या ओढीसाठी आज वापरला जाणारा ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्याने घराच्या ओढीचा आजार म्हणून घडवला होता. टिम विल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2006 मधील प्रयोगांत याच्या उलट दिसले: एकटेपणात गतकाळाची ओढ जागी होते आणि माणसाला आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव परत देते. हस्तलेखनाविषयीच्या दाव्यांबाबत मात्र थोडे जपून बोलावे. नॉर्वेतील संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 36 विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या, तेव्हा टंकलेखनापेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील समन्वय अधिक व्यापक आढळला. पण ते लेखन पडद्यावर डिजिटल पेनाने केलेले सुटे शब्द होते, कागदावरचे पत्र नव्हते.

घरातील पत्रे टिकवायची असतील तर प्रथम गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा हलक्या हाताने काढाव्यात. पत्रांच्या घड्या उलगडून ती आम्लविरहित कागदी पाकिटांत, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी सपाट ठेवावीत. लॅमिनेशन कधीही करू नये. उष्णतेने चिकटद्रव्य कागदात कायमचे मुरते आणि आतले आम्ल तसेच काम करत राहते. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टीही लावू नये, कारण तिचा गोंद पुढे पिवळा होऊन अक्षरांत झिरपतो. स्कॅन करताना पत्त्याची बाजूही घ्यावी, कारण पत्रावर तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यात ती बहुधा सापडते.