सस्तन पेशींची प्रथिनसूची

सस्तन प्राण्यांच्या पेशीतील प्रथिने एकमेकांपासून अलग करून, जेलवरील (विजेच्या दाबाने प्रथिने ज्यातून सरकतात त्या गरासारख्या थरावरील) जागा, रेणुभार व प्रमाण यांसह केलेली त्यांची क्रमवार नोंद. आज हे काम बहुतांशी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) चालते. पण सूचीची कल्पना रुजली ती द्विमितीय जेलमुळे.

पेशीत एकाच वेळी हजारो प्रथिने असतात. नुसत्या रेणुभारानुसार ती मांडली, तर एकेका पट्ट्यात कित्येक दडून बसतात. पॅट्रिक ओफॅरेल यांनी १९७५ मध्ये विद्युत्‌भार आणि रेणुभार हे दोन गुणधर्म एकापाठोपाठ वापरले आणि ई. कोलाय जीवाणूचे सुमारे १,१०० घटक एकाच जेलवर वेगळे करून दाखवले. त्याच वर्षी योआखिम क्लोझे यांनी उंदराच्या ऊतींसाठी अशीच पद्धत मांडली.

पेशींना आधी किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनीन हे अमिनो आम्ल पुरवतात, म्हणजे नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांवर खूण राहते. मग पेशी भरपूर युरिया व प्रक्षालक असलेल्या द्रावणात विरघळवतात. हे द्रावण तापवायचे नसते. उष्णतेने युरियाचे विघटन होऊन बनणारे सायनेट प्रथिनांना चिकटते, त्यांचा धनभार कमी होतो आणि एका ठिपक्याच्या जागी ठिपक्यांची सुबक माळ उमटते. नवख्याला ती शोध वाटते. पहिल्या टप्प्यात प्रथिने बारीक नळीतील जेलमध्ये आपापल्या समविद्युत् बिंदूपाशी, म्हणजे निव्वळ भार शून्य होतो तिथे, थांबतात. ती नळी चपट्या जेलच्या माथ्यावर आडवी ठेवून एसडीएस या प्रथिनांना ऋणभार देणाऱ्या प्रक्षालकाच्या साहाय्याने दुसरा टप्पा चालवतात. त्यात लहान प्रथिने अधिक खाली जातात. वाळवलेल्या जेलवर क्ष-किरण फिल्म ठेवली की ठिपक्यांचा नकाशा मिळतो.

या नकाशावर अ‍ॅक्टिनचा ठसठशीत ठिपका सहसा आधी नजरेत भरतो. इतर ठिपक्यांच्या जागा त्याच्या, तसेच त्याच्यासारख्याच पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या ट्युब्युलिनच्या व व्हायमेंटिनच्या आधाराने ठरवता येतात. प्रथिनाला फॉस्फेट जोडले गेले तर ठिपका आम्लाच्या बाजूला सरकतो; म्हणून एका जनुकाचे अनेक ठिपके असू शकतात.

डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हुलिओ सेलिस व रोद्रिगो ब्राव्हो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस हेला पेशींची (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशींची) सूची तयार केली. त्यातील बहुतेक नोंदींना नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती उपयोगी ठरली: ओळख पटण्याआधीच प्रथिनाच्या वागणुकीचा माग ठेवता येऊ लागला. वाढत्या पेशींत प्रमाण वाढणारे केंद्रकातील एक प्रथिन त्यांना असेच सापडले. त्याला त्यांनी सायक्लिन म्हटले. ल्युपस या स्वप्रतिकार विकाराच्या रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांमुळे आधीच माहीत झालेले पीसीएनए (वाढत्या पेशींच्या केंद्रकातील प्रतिजन) ते हेच, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. डीएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज डेल्टाचे ते साहाय्यक आहे, हे १९८७ मध्ये कळले. (आज सायक्लिन म्हणतात ती प्रथिने निराळी.)

अमेरिकेत नॉर्मन व ली अँडरसन या पितापुत्रांनी अरगॉन प्रयोगशाळेतून मानवी प्रथिनांच्या समग्र सूचीचा आग्रह धरला, तर जेम्स गॅरल्स यांनी जेलची संगणकीय मोजणी विकसित केली. दोन जेल कधीच तंतोतंत जुळत नसल्याने तिच्यावाचून सूची एका प्रयोगशाळेपुरतीच राहिली असती. ‘प्रोटिओम’ (प्रथिनांचा समग्र संच) ही संज्ञा मात्र मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये वापरात आणली.

पेशीपटलावरील प्रथिने, फार आम्लारिधर्मी प्रथिने आणि अगदी अल्प प्रमाणातील प्रथिने जेलवर नीट दिसत नाहीत. सूचीतील ही मोठी उणीव. २०११ पर्यंत मास स्पेक्ट्रोमेट्रीने हेला पेशींत १०,००० हून अधिक प्रथिने ओळखली होती. पण या पद्धतीत प्रथिनांचे बहुधा आधीच तुकडे केले जातात, त्यामुळे कोणते फेरफार एकाच रेणूवर होते हे हरवते. अखंड प्रथिनाची रूपे शेजारीशेजारी पाहायची असतील, तर द्विमितीय जेल आजही चालवले जाते.