फेरी पूर्ण, पावलं शून्य

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली. रविवारी रात्री जेवून त्र्यंबकला गेलो, कुशावर्तावर पाय धुतले आणि गर्दीबरोबर निघालो. साधारण वीस किलोमीटर, वरून पाऊस, खाली चिखल, सकाळी परत गावात पोचलो तेव्हा पिंढऱ्या दगड झाल्या होत्या. फोन भिजू नये म्हणून बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, पावलं मोजणारा बँड मात्र मनगटावर होता आणि बिचारा रात्रभर मोजत होता. घरी आलो, आडवा झालो, मंगळवार-बुधवार कामात गेले, गुरुवारी हेल्थ इन्शुरन्सचं ॲप उघडलं तर सोमवारच्या चौकोनात ठसठशीत शून्य.

आता तुम्ही म्हणाल, फेरी काय ॲपसाठी करतात का? नाही करत. पण आमच्या पॉलिसीत स्कीम अशी आहे की दिवसाला १०,००० पावलं झाली की तो 'ॲक्टिव्ह दिवस', महिन्यात असे १५ दिवस भरले तर त्या महिन्याचं बक्षीस मिळणार आणि बाराही महिन्यांची बक्षिसं मिळून पुढच्या प्रीमियममध्ये १० टक्के सूट. प्रीमियम २६,००० म्हणजे वर्षाला २,६०० आणि महिन्याला २१७ रुपये. त्या महिन्यात माझे १४ दिवस भरले. १४ ला काहीच नाही, एक पैसासुद्धा नाही. कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, डेटा ४८ तासांच्या आत सिंक व्हायला हवा होता." मी म्हटलं, ताई, पाय तर ४८ तास दुखतच होते, ते सिंक करून घ्या. तिला हसू आलं, पण तो दिवस काही धरला नाही.

२१७ रुपये. त्यात दोन मिसळीसुद्धा नीट होत नाहीत हल्ली. तरी मी आठवडाभर धुमसत होतो, का ते मलाच कळेना, म्हणून जरा खोलात शिरलो.

सुरुवात बँडपासून. त्याच्या पोटात ॲक्सिलरोमीटर नावाची चिप असते, पुस्तकी मराठीत त्वरणमापी. त्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म गोळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगवर टांगलेला असतो आणि त्याच्या कडेला कंगव्यासारखे दात, समोर दुसरा कंगवा, दातात दात पण एकमेकांना न टेकता. हात हलला की गोळा थोडा मागे राहतो, बस ब्रेक मारते तेव्हा आपण पुढे जातो ना तसंच, आणि दातांमधलं अंतर बदलतं. अंतर बदललं की तिथली विद्युत धारिता बदलते, तेवढं चिपला पुरतं. असं तीन दिशांत, सेकंदाला अनेक वेळा मोजलं जातं. म्हणजे बँडला पाय दिसतच नाही. त्याला मनगटाचे हिसके दिसतात आणि त्यातून तो अंदाज बांधतो की हा माणूस चालतोय.

अंदाज बांधायचा मुख्य आधार म्हणजे ताल. आपण साधारण सेकंदाला दोन पावलं टाकतो, कोणी जरा कमी कोणी जास्त, आणि हात एकदा पुढे जाऊन मागे येईपर्यंत दोन पावलं होतात. या तालात बसणारे हिसके ठेवायचे, बाकीचे फेकायचे, असं गणित. माझा भाचा आयटीत आहे, तो सुट्टीला आला होता, त्याच्याबरोबर प्रयोग केला. आधी बँड घालून बंगईवर बसलो, दहा मिनिटं झोके घेतले, पावलं जवळपास शून्य. मग बँड २५ सेंटीमीटर दोऱ्याला बांधून लंबकासारखा हलवला, तर पठ्ठ्या भराभर मोजायला लागला! कारण शाळेतलंच आहे, लंबकाचा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो. बंगईची साखळी दोन मीटर धरली तर एक झोका जवळजवळ २.८ सेकंदांचा, म्हणजे चालण्याच्या तालात बसतच नाही. २५ सेंटीमीटरच्या दोऱ्याचा झोका बरोबर एका सेकंदाचा, आणि दर झोक्याला लंबक दोनदा खालून जातो तेव्हा दोन हिसके, म्हणजे अगदी माणसाच्या हातासारखं. चीनमध्ये फोन झुलवून पावलं वाढवणारे छोटे पाळणे ऑनलाइन विकत मिळतात, त्यामागचं विज्ञान एवढंच. (प्रीमियमसाठी हा उद्योग करू नका, ती सरळ फसवणूक आहे आणि पॉलिसी गोत्यात येईल.)

उलटी बाजूही बघा. सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत अर्धा तास फिरा, हात दांडीवर, पावलं गायब. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढा, घाम निघतो, आकडा जेमतेम हलतो. आणि पोळ्या लाटताना बँड घालून बसा, काही पावलं फुकट मिळतात! आमची आई ७१ वर्षांची, पहाटेपासून उभी असते, तिच्या हातात दिवसभर बँड बांधून पाहिला तर २,३०० पावलं. ती म्हणाली, "तुझं मशीन आळशी आहे." तसं मशीन आळशी नाही, घाबरट आहे. उगाच हात हलवल्याचं पाऊल मोजलं जाऊ नये म्हणून बरेच बँड सलग काही पावलं एका तालात पडल्याशिवाय मोजणीच सुरू करत नाहीत. आई ओट्यापासून फ्रीजपर्यंत चार पावलं जाते, थांबते, तीन पावलं सिंककडे, परत थांबते. असली तुटक पावलं गाळणीतून खाली जातात. घरकाम करणाऱ्या बायकांचे कष्ट मोजणीत येत नाहीत हे आपण नेहमी म्हणतो, इथे तर ते चिपमध्येच लिहून ठेवलंय.

सायकलवाल्यांचं तर विचारूच नका. नाशिक हे सायकलवाल्यांचं गाव, २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, जवळपास ४,८०० किलोमीटर. आमच्या स्कीममध्ये फक्त पावलं धरतात, त्यामुळे अख्खी अमेरिका ओलांडूनही त्यांचा दिवस ॲक्टिव्ह झाला नसता, कारण मनगट हँडलवर! आणि धावणारे? धावताना पाऊल लांब पडतं म्हणून तेवढ्याच अंतराला पावलं कमी लागतात. आपल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं, तिची ती शर्यत संपली तरी १०,००० पावलं भरली नसती. मी मात्र जॉगिंग ट्रॅकवर गप्पा मारत रमतगमत तेवढंच अंतर गेलो तर १४,००० भरतात.

बरं, हे १०,००० आले कुठून? डॉक्टरांनी ठरवलं असेल असं मला वाटायचं. तर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. गोल, लक्षात राहणारा आकडा, जाहिरातीला छान. अभ्यास नंतर झाले. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या टीमचा अभ्यास आला, १६,७४१ स्त्रिया, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर फायदा वाढायचा थांबला. आता यात एक गोम आहे, ज्यांची तब्येत मुळात बरी त्या जास्त चालणार, त्यामुळे सगळं श्रेय पावलांना देता येत नाही. पण १०,००० ही काही लक्ष्मणरेषा नाही एवढं नक्की. ९,८०० चाललेल्या माणसाला शून्य देण्यामागे शरीरशास्त्र काहीही नाही, हिशोबाची सोय आहे.

काही स्कीममध्ये पावलांऐवजी कॅलरी चालतात. ते आणखी अवघड. २०१७ मध्ये छापून आलेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६० जणांवर सात वेगवेगळी मनगटी यंत्रं तपासली, नाडीचे ठोके सातपैकी सहांनी ५ टक्क्यांच्या आत बरोबर दाखवले, पण कॅलरींमध्ये सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्यावर पैसे वाटायचे म्हणजे वजनकाटा न बघता अंदाजाने कांदे तोलायचे.

मोजून झालं तरी प्रवास बाकी असतो. बँडकडून ब्लूटूथने बँडच्या ॲपकडे, तिथून फोनमधल्या आरोग्याच्या कोठाराकडे, तिथून विमा कंपनीच्या ॲपकडे आणि शेवटी त्यांच्या सर्व्हरवर. चार टप्पे, आणि कुठेही बॅटरी सेव्हरने एखादं ॲप झोपवलं की गाडी अडली. त्यात गूगलने २०२४ मध्ये जाहीर केलं की गूगल फिटचे जुने दरवाजे बंद होणार आणि हेल्थ कनेक्ट वापरा, त्यामुळे मधलं कोठारच बदलायची वेळ. शिवाय फोनही खिशात पावलं मोजतो, बँडही मोजतो, दोन्ही धरली तर दुप्पट होतील म्हणून एकच निवडावं लागतं, ते कुठलं निवडलं हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

आणि एक गंमत तर भाच्याने पकडली. मी एक दिवसाआड पहाटे पावणेपाचला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जातो, तासभर चालतो. बँड सगळं बरोबर दाखवायचा, पण विम्याच्या ॲपमध्ये चालल्याच्या दिवशी पावलं कमी आणि आदल्या दिवशी, जेव्हा मी घरी लोळत होतो, तेव्हा जास्त. मी डोकं खाजवत होतो. तो दोन मिनिटं बघून म्हणाला, "मामा, तुमचा दिवस ग्रीनिचच्या घड्याळावर सुरू होतो. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा नाशकात पहाटेचे साडेपाच." म्हणजे माझी पाऊण तासाची चाल कालच्या खात्यात आणि पाव तासाची आजच्या, दोन्ही दिवस अर्धवट! सर्व्हरवर वेळ ग्रीनिचची ठेवतात ही सॉफ्टवेअरमधली जुनी पद्धत आहे, दाखवताना ती भारतीय वेळेत बदलायची असते, ते बहुतेक राहून गेलं असावं असं त्याचं म्हणणं. आता पावणेसहाला जातो. हिशोब जुळायला लागला, पण ट्रॅकवरची जुनी कंपनी तुटली.

आता धुमसण्याबद्दल. १९७९ मध्ये डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख मोठं असतं. याचा पावलांशी थेट संबंध तपासलाय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २८१ कर्मचाऱ्यांना १३ आठवडे रोज ७,००० पावलांचं टार्गेट दिलं, अभ्यास २०१६ ला छापून आला. काहींना टार्गेट गाठल्याच्या दर दिवशी १.४० डॉलर देऊ केले. काहींना महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर खात्यात दाखवले आणि चुकलेल्या दर दिवशी १.४० कापले. रक्कम तीच. काहीच न मिळणाऱ्यांनी ३० टक्के दिवस टार्गेट गाठलं, मिळवणाऱ्यांनी ३५ टक्के, म्हणजे विशेष फरक नाही, आणि ज्यांचे कापले जायचे त्यांनी ४५ टक्के. माझं तेच झालं होतं. फेरी चालून झाल्यावर ते २१७ रुपये माझ्या मनात जमा झाले होते, ॲपने ते न देणं म्हणजे मला खिसा कापल्यासारखं वाटलं. चाललो नसतो तर काही वाटलंही नसतं.

पण पैशाने सवय लागते का? सिंगापूरमध्ये १३ संस्थांमधल्या ८०० नोकरदारांवर प्रयोग झाला, तोही २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोख बक्षीस होतं तोपर्यंत लोक जास्त चालले, सहा महिन्यांनी बक्षीस थांबलं, वर्षअखेर तो फायदा विरला आणि दहातल्या नऊ जणांनी बँड काढून ठेवला होता. दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिकेतल्या डिस्कव्हरी या विमा कंपनीची १९९७ पासूनची व्हायटॅलिटी स्कीम आहे, तिच्यासाठी रँड युरोप या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ४ लाखांहून जास्त लोकांचा डेटा तपासला. तिथे घड्याळ हप्त्यावर मिळतं, व्यायाम केला तर हप्ता कमी, नाही केला तर खिशातून भरा, म्हणजे परत तोट्याचीच भीती. अशांची हालचाल नुसती बक्षिसं घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त निघाली. मात्र घड्याळ घ्यायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि अभ्यासाचे पैसे व्हायटॅलिटीने दिले होते, हे डोक्यात ठेवूनच तो आकडा वाचावा.

हे 'स्वतः ठरवणं' फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेत एका दुकानसाखळीच्या १६० ठिकाणच्या जवळपास ३३,००० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, कुठल्या ठिकाणी वेलनेस कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दीड वर्षाने कार्यक्रमवाले म्हणाले आम्ही जास्त व्यायाम करतो, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन-उंचीचं प्रमाण, उपचारांचा खर्च, कशातच दखल घेण्यासारखा फरक नव्हता. मग कंपन्यांना यात काय मिळतं? मला जे वाटतं ते सांगतो, पटलं तर घ्या. ज्याला चालायची मुळातच आवड आहे तोच ॲप लावतो, तोच सूट बघून पॉलिसी घेतो आणि तोच टिकतो. कंपनीकडे आपोआप जरा धडधाकट गिऱ्हाईक गोळा होतं. आपल्याकडे इरडाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेलनेसबद्दलच्या मार्गदर्शक सूचना २०२० मध्ये आल्या, त्यानंतर असं ॲप नसलेली कंपनी शोधावी लागेल अशी स्थिती आहे.

आमच्या ॲपने परवानगी मागताना पावलांबरोबर झोप, नाडी आणि लोकेशनही मागितलं होतं, मी घाईत सगळ्याला हो म्हटलं होतं. हेल्थ कनेक्टमध्ये प्रत्येक गोष्टीची परवानगी वेगळी काढता येते, आता फक्त पावलं चालू ठेवलीत. काही बिघडलं नाही.

परवा गंमत म्हणून बँड आईच्या पायात, पैंजणासारखा बांधला. पायात एकाच बाजूचा झटका मोठा बसतो, म्हणून आकडा अगदी नेमका असेल असं नाही, पण संध्याकाळी ५,१०० दिसले. त्या अभ्यासातल्या ४,४०० च्या वर. तिला दाखवलं तर म्हणाली, "मग माझे किती रुपये झाले?" ६५ च्या पुढच्यांना पॉलिसी नाकारायची पूर्वीची सवलत इरडाने २०२४ मध्ये काढून घेतली, पण तिच्या वयाचा प्रीमियम बघून आम्हीच मागे हटलो होतो. पॉलिसीत तिचं नाव नाही. मी म्हटलं, बघतो ॲपमध्ये.