उतरलेली बॅटरी आणि गेलेली बॅटरी

दुचाकीच्या सेल्फचे बटण दाबल्यावर रिलेची (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचची) नुसती टकटक ऐकू आली आणि मीटरवरचे दिवे मिणमिणले, की ‘बॅटरी गेली’ असा निकाल लगेच दिला जातो आणि गाडीला नवी बॅटरी बसते. पुष्कळदा ती बॅटरी गेलेली नसते, नुसती उतरलेली असते. रस्त्यावर दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात, त्यामुळे गोंधळ होणे मी समजू शकतो. पण साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजण्याचे उपकरण, हाताशी असताना कोणी तो न लावताच निकाल देतो, हे मला मान्य नाही.

किल स्विच, साइड स्टँड आणि टाकीतले पेट्रोल तुम्ही पाहिलेच असेल. सेल्फ नेहमीच्या जोराने फिरत असेल आणि इंजिन पकडत नसेल, तर दोष इंधनात किंवा प्लगमध्ये शोधावा. तिथे बॅटरीला हात लावण्याचे कारण नाही. टर्मिनलचे स्क्रू मात्र आधी घट्ट करावेत आणि त्यांवर आलेली पांढरी-हिरवी पूड साफ करावी, कारण सैल टर्मिनलमुळेही अशीच टकटक होते.

आता मुख्य फरक. उतरलेल्या बॅटरीत बिघाड नसतो, तिच्यात साठवलेली वीज फक्त खर्च झालेली असते. वीज खर्च होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि चार्ज केल्यावर ते पुन्हा विरघळते. हे रोजचे आणि नैसर्गिक आहे. गेलेल्या बॅटरीत मात्र हेच सल्फेट कडक स्फटिकांच्या रूपात घट्ट बसलेले असते, किंवा प्लेटांवरचा लेप झडलेला असतो, किंवा एखादा सेल (बॅटरीतला एक कप्पा) शॉर्ट झालेला असतो, आणि मग कितीही चार्ज केले तरी ती साठवण परत येत नाही. या दोन अवस्थांमध्ये पूल बांधणारी गोष्ट म्हणजे वेळ: उतरलेली बॅटरी काही आठवडे तशीच पडून राहिली, की ती खरोखरच गेलेली बॅटरी होते.

म्हणून उतरलेल्या स्थितीत घेतलेल्या मापावरून निकाल देऊ नये. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी, तीही तिच्या अँपिअर-अवर क्षमतेच्या (साठवणीच्या आकड्याच्या) साधारण दहाव्या हिश्श्याच्या करंटने, म्हणजे ५ अँपिअर-अवरची असेल तर अर्ध्या अँपिअरने. मोटारीच्या मोठ्या चार्जरवर लावून दुचाकीची बॅटरी तापवणे मला अजिबात पसंत नाही. त्यानंतर ती गाडीपासून सुटी करून रात्रभर ठेवावी आणि सकाळी मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसले तर निम्मी परीक्षा झाली, १०.५ च्या आसपास दिसले तर एक सेल गेला असे समजावे. उरलेली निम्मी परीक्षा लोक वगळतात आणि तिथेच फसतात. बॅटरी गाडीला जोडून, मल्टिमीटरच्या पिना टर्मिनलवर धरून सेल्फ मारावा. आकडा १० च्या वर टिकला तर बॅटरीत दम आहे, शांतपणे १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर कोसळली, तर ती गेलेली आहे, कारण व्होल्टेज असणे म्हणजे ताकद असणे नव्हे.

बॅटरी चांगली निघाली, तर ती का उतरली हे शोधल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. माझ्या गाडीला एका वर्षात दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या गेल्या आणि दोष होता रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये, म्हणजे चालू इंजिनची वीज बॅटरीला योग्य करून देणाऱ्या भागात. इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२ च्या घरातच राहिला, तर चार्जिंग होत नाही. हे तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत कृपया कोणी वापरू नये, कारण अचानक चढलेल्या व्होल्टेजने ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) जळू शकतो. चार्जिंग ठीक असेल, तर बंद गाडीत कोण वीज खातो ते पाहावे. बाहेरून बसवलेला ट्रॅकर किंवा अलार्म २० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो, आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी पाचसहा दिवसांत निम्मी होते.

गणपतीला दहा-पंधरा दिवस कोकणात जाताना पुण्या-मुंबईत उभी करून ठेवलेली गाडी परतल्यावर चालू होत नाही, ती बहुतेक याच हिशोबाने. शेजाऱ्याला रोज पाच मिनिटे गाडी नुसती चालू ठेवायला सांगण्याचा उपयोग फारसा नाही: आयडलिंगला चार्जिंग तुटपुंजे असते, आणि २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांत इंजिन चालू असेपर्यंत पुढचा दिवाही बंद होत नाही. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत बॅटरी पूर्ण उतरली, तर धक्का मारूनही भागत नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि ईसीयू यांनाच वीज मिळत नाही. त्यापेक्षा जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि तिची निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी. बॅटरी पूर्ण काढायची असेल, तर आधी निगेटिव्ह सोडावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी. क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो.